पाण्याची खातेवही

वाणिज्य शाखेत आल्यावर पहिला धडा मिळतो तो जमाखर्चाचा. ज्याच्या हाती दुसऱ्याचे धन, त्याने त्याचा हिशेब ठेवला पाहिजे व धन्याला दाखविला पाहिजे. सरकार व नगरपालिका यांच्या हाती जनतेचा पैसा असतो, तसे जनतेचे पाणीही असते. मग पैशाचा हिशेब लागतो, तर पाण्याचा का नको?

आपल्या भागास हे बंधन नवीन नाही. राकसकोपचा जलाशय ज्या मार्कंडेय नदीवर आहे, ती घटप्रभेस मिळते व घटप्रभा कृष्णेस. कृष्णेच्या पाण्याची वाटणी न्या. बचावत यांच्या लवादाने केली. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निवाड्यात महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व तेव्हाच्या आंध्र प्रदेशास ८०० टीएमसी पाणी आले. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. परंतु लवाद केवळ वाटणी करून थांबला नाही. सिंचन, घरगुती व नागरी पुरवठा, उद्योग अशा निरनिराळ्या सदरांखाली प्रत्येक राज्याने दरवर्षी वापराची नोंद ठेवावी व तिचा गोषवारा इतर राज्यांस पाठवावा, असे त्याने ठरवून दिले. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, तर पाण्याचे वर्ष जून ते मे. नवी वही पावसाबरोबर उघडते!

या वहीतील एक नियम आपण मुद्दाम पाहण्यासारखा आहे. नागरी पुरवठ्यासाठी १०० भाग पाणी उचलले, तर वापर म्हणून २० भागच लिहायचे. उद्योगासाठी उचलले, तर अवघे अडीच. उरलेले पाणी नदीस परत मिळते, असे गृहीत धरले आहे. ठराविक दराने घसारा काढावा, तसाच हा प्रकार. राज्याराज्यांतील वाटणीपुरता तो सोयीचा आहे. पण परत गेलेले पाणी स्वच्छ होते की घाण, वाटेत गळती किती झाली, कोणत्या गल्लीस किती मिळाले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय ही वही पाहण्याचा अधिकार निवाड्याने दिला तो राज्यांच्या प्रतिनिधींना. भागीदारांची सोय झाली, धनी बाहेरच राहिला!

ही उणीव भरून काढण्याची वाट २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दाखविली आहे. त्याचे चौथे कलम सांगते की, सार्वजनिक कार्यालयांनी कोणी अर्ज करण्यापूर्वीच होईल तेवढी माहिती आपणहून प्रसिद्ध करावी आणि ती देताना स्थानिक भाषेचाही विचार करावा. माझ्या मते पाण्याचा वार्षिक हिशेब याच रीतीने यावा. किती उचलले, किती पोहोचले, किती गळाले, किती शुद्ध करून नदीत सोडले आणि खुद्द सरकारी कचेऱ्यांनी किती वापरले, एवढे एका पानावर मावेल. कन्नडात हिशेबाला लेक्क म्हणतात, मराठीत लेखा. पान दोन्ही भाषांत छापणे अवघड नाही.

तेरीज जुळली नाही की चूक कोठे आहे याचा शोध सुरू होतो, हे आपण शिकतोच. पाण्याची तेरीज कदाचित पहिल्या वर्षी जुळणार नाही. पण फरक कागदावर दिसला, तरच गळका नळ शोधायला कोणी निघेल.