भरलेली परत येणारी बाटली

जून संपत आला होता. माझी मुलगी नुकतीच पहिलीत बसू लागली होती आणि तिला थंडी वाजून ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही. ओटीपोट दुखतं म्हणाली आणि लघवीला बसली की रडायची. डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी लघवी तपासायला पाठवली. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. मग त्यांनी तिलाच विचारलं, "बाळा, शाळेत शूला जातेस का?" तिने नकारार्थी मान हलवली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेच्या स्वच्छतागृहाची कडी घट्ट होती. एकदा ती आत अडकली आणि कुणीतरी येईपर्यंत रडत राहिली. त्यानंतर तिथे जायचंच नाही असं तिने ठरवलं आणि जावं लागू नये म्हणून पाणी पिणंही सोडलं. बाटली नेली तशीच भरलेली परत यायची. घरात पाऊल टाकताच दप्तर फेकून ती बाथरूमकडे धावायची. बालवाडीत ताई हात धरून न्यायच्या. इथे भरलेल्या वर्गात बाईंना करंगळी दाखवायची, म्हणजे सहा वर्षांच्या मुलीला मोठंच धाडस.

ती औषधाने बरी झाली. पण पहिलीत मूल घालणाऱ्या प्रत्येकाला मी तेव्हापासून एकच सांगते: वह्या-पुस्तकांच्या आधी शाळेचं स्वच्छतागृह बघा.

शाळा सुरू होण्याआधी मुलाला घेऊन एकदा तिथे जा. वर्गातून तिथवरची वाट त्याच्या पायाने चालू द्या. कडी त्याच्याच हाताने लावून-उघडून बघू द्या. कडी जड असेल तर दार नुसतं लोटून मैत्रिणीला बाहेर उभं करायचं, हे मुलांना सहज जमतं. घरी कमोड असेल आणि शाळेत भारतीय पद्धतीचं भांडं, तर उकिडवं बसण्याची सवय मे महिन्यातच करून घ्या. घट्ट बटणं, पट्टे, नाड्या यांच्यापेक्षा मुलाला स्वतः खाली-वर करता येईल असा इलॅस्टिकचा कपडा द्या. मुलींना पुढून मागे धुवायला आणि पुसायला शिकवा. त्यांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने जंतू लवकर आत पोचतात.

"बाई, शूला जाऊ?" हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून घ्या. दर दोन-तीन तासांनी जायचं, मधल्या सुट्टीत लागली नसली तरी जाऊन यायचं, हे पक्कं करा. सकाळी पोट साफ व्हायला वेळ मिळेल असं उठवा, कारण बद्धकोष्ठानेही हा संसर्ग वाढतो. २०२४ साली राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. त्यातून मिळालेला वेळ यासाठी ठेवा.

वर्गशिक्षिकेला पहिल्याच आठवड्यात भेटा. तक्रारीच्या सुरात बोलू नका. "ती लाजते, विचारायला घाबरते, तेवढं लक्ष असू द्या" एवढं पुरतं. बहुतेक बाई मनापासून लक्ष देतात. पण मुलांना लघवीला सोडतच नसतील, तर गप्प बसू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करतो. मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पुरेसं, सुरक्षित पाणी याच कायद्याने शाळेवर बंधनकारक आहे. जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तुटकी कडी, न येणारं पाणी, साबण हे विषय तिथे मांडा. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघात मांडा. चार आयांनी मिळून मागितलेली कडी लवकर बसते.

घरी रोज बाटली बघा. भरलेली दिसली तर रागावू नका, कारण विचारा. अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू झाली, लघवी करताना जळजळ झाली, लघवीला उग्र वास आला किंवा कारणाशिवाय ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. डॉक्टरांना गाठा, लघवीची तपासणी करून घ्या आणि दिलेलं औषध ताप उतरला तरी पूर्ण द्या. वारंवार होणारा संसर्ग मूत्रपिंडांना इजा करू शकतो.

शाळेतून आल्यावर "आज काय शिकवलं?" हे आपण सगळेच विचारतो. त्याच्या जोडीला "आज शूला कधी गेलीस?" हेही रोज, सहजपणे विचारा. ज्या घरात हा प्रश्न लाजेचा नसतो, तिथली मुलं अडचण वेळेत सांगतात.