एक प्रोग्राम अडला, तरी बाकीचे चालू

आपण पनवेलला सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी सेवा केंद्रात जातो. केंद्रवाला संगणकापुढे बसलेला असतो. एका चौकटीत उतारा, दुसरीत आपला अर्ज, तिसरीत पैशांची पावती. मध्येच तो म्हणतो, “थांबा, अडकलं!” आपल्या पोटात गोळा येतो. सगळंच गेलं की काय?

सगळं जात नाही. पण पूर्वी जात असे. हा फरक कसा पडला, ते पाहू.

संगणकाला काम कसे करायचे ते सांगणाऱ्या सूचना म्हणजे प्रोग्राम. सर्व प्रोग्रामांवर देखरेख ठेवणारा एक मुख्य प्रोग्राम असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण त्याला कारभारी म्हणू.

१९८१ साली डॉस नावाचा कारभारी आला. त्याच्याकडे एका वेळी एकच प्रोग्राम चाले. पडदा, छपाई यंत्र, सारी जागा त्या एकाचीच. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा ए.एल.पी. हा मराठी लिहिण्याचा प्रोग्राम असाच डॉसवर चाले. घरात एकटाच माणूस राहत असेल, तर तो कुठेही पाय पसरतो. जुन्या प्रोग्रामांना हीच सवय होती.

पुढे लोकांना एकाच वेळी अनेक कामे हवी झाली. १९९२ साली विंडोज ३.१ आले. इथे पंचाईत झाली. चालू काम ठेवायच्या जागेला मेमरी म्हणतात. विंडोजसाठी लिहिलेले सारे प्रोग्राम एकाच मेमरीत शेजारी शेजारी बसत, मध्ये बांध नाही. खाडीकाठची खारबंदिस्तीची भातशेती आठवा. बाहेरकाठा फुटला की भरतीचे पाणी एकाच्याच खाचरात थांबते का? सगळ्यांचीच जमीन खारी होते. तसेच एक प्रोग्राम बिघडून शेजाऱ्याच्या जागेत काहीबाही लिही, आणि सगळेच कोसळत.

दुसरी अडचण पाळीची. पनवेलच्या एस.टी. स्थानकात फलाट कधी सोडायचा हे ड्रायव्हरच्याच मर्जीवर ठेवले, तर काय होईल? एक गाडी अडून बसली, की मागच्या साऱ्या खोळंबल्या. विंडोज ३.१ मध्ये असेच होते. आपली पाळी प्रोग्रामाने स्वतःहून सोडायची. न सोडली, तर सगळेच ठप्प.

यावर उपाय काय झाला? इंटेल कंपनीने १९८५ साली काढलेल्या ८०३८६ या चिपमध्ये रखवालीची सोय होती. प्रत्येक प्रोग्रामाची हद्द आखून द्यायची. कोणी हद्द ओलांडू लागला, की चिपच त्याला अडवते आणि कारभाऱ्याला कळवते. कारभारी तेवढाच प्रोग्राम बंद करतो. पाळीही कारभाऱ्याच्या हाती आली. घड्याळाचा ठोका पडला, की पाळी संपली, प्रोग्रामाची मर्जी असो वा नसो.

आणि डॉसचा तो जुना, ऐसपैस प्रोग्राम? त्याच्याशी कारभारी मोठी गंमत करतो. “अख्खा संगणक तुझाच,” असे त्याला भासवतो. खरे तर त्याला एक कुंपण घातलेली खोली दिलेली असते. तो पडद्यावर लिहायला जातो. कारभारी ते मधल्या मध्ये घेतो आणि एका चौकटीत दाखवतो. बिघडला, तर त्याची खोली तेवढी मोडते.

१९९५ सालच्या विंडोज ९५ मध्ये हे बरेचसे आले, पण पुरते नाही. जुने प्रोग्राम चालले पाहिजेत, नाहीतर गिऱ्हाईक घेणार नाही. म्हणून काही फटी तशाच राहू दिल्या. विंडोज ३.१ साठी लिहिलेले प्रोग्राम अजून एकाच शेतात होते. त्यांतला एक अडला, की त्याच्या जातीचे सारे अडत. १९९३ सालचे विंडोज एन.टी. कडक होते. यंत्राला थेट हात घालू पाहणाऱ्या प्रोग्रामाला ते सरळ ‘नाही’ म्हणे. लोक कुरकुरले. आम्हाला मात्र हा कडकपणाच रास्त वाटतो. २००१ सालच्या विंडोज एक्स.पी. पासून हीच रीत घरोघर आली. आताचे ६४ बिटचे विंडोज तर डॉसचे प्रोग्राम घेतच नाही. ते चालवायला वेगळा प्रोग्राम लागतो.

तरी एक धोका उरतोच. खुद्द कारभाऱ्याच्या खोलीत बसणारा प्रोग्राम बिघडला, तर बांध कामाचे नाहीत. १९ जुलै २०२४ रोजी एका रखवालीच्याच प्रोग्रामाच्या चुकीने जगभरची सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. आपल्याकडेही विमाने रखडली.

आणि बांध शेजाऱ्याला वाचवतो. अडलेल्या प्रोग्रामातले न साठवलेले काम वाचत नाही. म्हणून अर्ज लांबलचक असेल, तर मध्येच विचारावे, “भाऊ, सेव्ह केलंत ना?” पैसे भरताना अडकले, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नयेत. ती नोंद केंद्रातल्या संगणकात नसते, दूरच्या संगणकात असते. आधी ती उघडून बघायला सांगावी.