ड्रोन आणि विज्ञानाचा पाठ



‘ड्रोन’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ नर मधमाशी असा आहे. आज वैमानिकावांचून उडणाऱ्या यंत्रास हें नांव रूढ झालें आहे. तें डोक्यावरून गेलें कीं मुलें मागें धांवत सुटतात. परंतु पाहणें निराळें व समजणें निराळें. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

साधारण ड्रोनास चार पंखे असतात. पंखे हवेस खालीं लोटतात व हवा पंख्यांस वर लोटते; हाच न्यूटनचा तिसरा नियम होय. हा रेटा वजनाहून अधिक झाला कीं यंत्र चढूं लागतें. वजनाइतकाच राहिला तर तें अधांतरीं स्थिर राहतें. चारही पंखे एकाच दिशेनें फिरविले, तर यंत्राचें धड उलट दिशेनें गरगरूं लागेल. यास्तव दोन पंखे घड्याळाच्या कांट्याप्रमाणें व दोन त्याच्या उलट फिरवितात.

दुसरा पाठ भूमितीचा. कॅमेऱ्याच्या भिंगाचें नाभीय अंतर १० मिलिमीटर व ड्रोनाची उंची १०० मीटर धरा. समरूप त्रिकोणांवरून प्रमाण १ : १०,००० येतें, म्हणजे कॅमेऱ्यांतील प्रतिमेचा १ मिलिमीटर भूमीवरील १० मीटर दाखवितो. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीस १८०२ सालीं मद्रासेंत आरंभ करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ सालीं आपल्या शेजारच्या हिंगणघाटास निवर्तला. २०२० सालीं सरकारनें ‘स्वामित्व’ योजनेखालीं गावठाणें ड्रोनानें मोजण्यास प्रारंभ केला. तत्पूर्वीं पुणें जिल्ह्यांतील सोनोरी येथें तसा प्रयोग झाला होता. साधनें पालटलीं, परंतु त्रिकोण तोच आहे. घराची हद्द ठरविणारा नकाशा ज्यास वाचतां येत नाहीं, त्यास दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागतें.

तिसरा पाठ पालकांच्याहि जिव्हाळ्याचा आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. ड्रोनानें फवारल्यास मनुष्य विषापासून दूर राहूं शकतो. परंतु वारा असल्यास तेच सूक्ष्म थेंब शेजाऱ्याच्या पिकावर वा विहिरीवर जातील. उंची, वारा व थेंबाचा आकार यांचा मेळ घालणें हें यंत्राचें काम नसून तें चालविणाऱ्याच्या बुद्धीचें आहे.

नियमहि शिकावे. २०२१ च्या नियमांप्रमाणें मोकळीक असलेल्या क्षेत्रांतहि १२० मीटरांपलीकडे परवानगीवांचून जातां येत नाहीं. दुसऱ्याच्या अंगणांत डोकावणें तर सभ्यतेसच सोडून आहे.

शाळेंत ड्रोन नसला तरी अभ्यास अडत नाहीं. मन व म्हैस या नद्यांच्या कांठीं वसलेल्या आपल्या बाळापुरांत मिर्झाराजा जयसिंहाची छत्री आहे. उन्हांत १ मीटर काठी उभी करा. तिची सावली व त्याच वेळीं छत्रीची सावली मोजा. प्रमाण मांडून छत्रीची उंची काढा. हें ज्यास साधलें, त्याच्या हातीं उद्यां ड्रोन आला तर तो खेळणें न राहतां साधन होईल, असें आम्हांस वाटतें.