परभणी स्थानकालगतच्या तुझ्या नकाशाविषयी

चि. बाळास,


तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे नकाशे पाहिले. परभणी जंक्शनलगत खाली दुकानं, वर कार्यालयं, त्यावर घरं. रेखाटनं सुबक आहेत, पण नवी मुंबईतलं वाशी स्थानक डोळ्यांसमोर ठेवून काढलेली दिसतात.

वाशीला 1992 मध्ये लोकल आली. मानखुर्द-बेलापूर मार्गाच्या खर्चाचा 67 टक्के वाटा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उचलला, कारण आसपासची जमीन तिच्याच हातात होती. गाडी आली की भाव चढणार आणि खर्च वसूल होणार, हे गणित पक्कं होतं. त्या बळावर तिथे स्थानकाच्या डोक्यावर कार्यालयं उभी राहिली. परभणीत ना तसा जमिनीचा भाव, ना दर काही मिनिटांनी येणारी लोकल. इथलं माणूस गाडीतून उतरून धावत सुटत नाही, ते गाडीची वाट बघत बसतं.

म्हणून आधी त्या थांबलेल्या माणसाचा विचार कर. मुंबईच्या रात्रीच्या गाडीसाठी जिंतूरहून, पाथरीहून संध्याकाळच्या एसटीने आलेलं कुटुंब. परळीची गाडी धरणारे वैद्यनाथाचे भाविक. कृषी विद्यापीठात मुलीला सोडायला आलेले वडील. फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उरुसाला लोटणारी माणसं. यांना सावली हवी, प्यायचं पाणी हवं, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हवं, सामान ठेवायची सोय आणि परवडणारी खोली हवी. तळमजला यांचा. उरलेल्या जागेत दुकानं घाल, तीही लहान गाळ्यांची. चहावाले, फळवाले, ऑटोवाले आजही तिथे आहेत, त्यांना नकाशात हक्काची जागा दाखव.

एसटी स्थानक जवळच आहे आणि तू त्याच बाजूला सलग भिंत घेतली आहेस, हे मला फार खटकलं. ती फोड. तिथून फलाटापर्यंत छपराची वाट काढ, डोक्यावर बोचकं घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाला पायरी न चढता जाता येईल अशी.

पश्चिमेची काच काढून टाक. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, ती इमारत थंड ठेवायचं वीजबिल कोण भरणार? खोल व्हरांडे घे. तळघरातलं वाहनतळही नको. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तळघराच्या भिंतींवर दाब आणते. पाया त्या मातीखालच्या पक्क्या थरात ने, किंवा अंडर-रीम्ड पाईल घे.

कार्यालयांचे मजले निम्मे कर. त्या जागी शिक्षक, परिचारिका, बँकेतली पोरं राहतील अशी दोन खोल्यांची भाड्याची घरं दे. संध्याकाळनंतर खिडक्यांत दिवे असले की रात्री उतरणाऱ्या मुलीला भीती वाटत नाही. माझ्या मते मिश्र वापराचा खरा उपयोग हाच.

आणखी एक. रेल्वेची जमीन विकत मिळत नाही, भाडेपट्ट्याने मिळते. तेव्हा रेल्वेची हद्द आणि शहराची हद्द वेगळ्या रंगांत दाखव आणि विक्रीची घरं रेल्वेच्या हद्दीत ठेवू नकोस. परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.

सुधारलेला तळमजला आधी पाठव, वरचे मजले नंतर पाहू.

तुझा,
मामा