चाव्यांची यादी

माझ्या रेझ्युमेवर 'पोस्ट-क्वांटम सुरक्षेवर काम' असं लिहिलंय, आणि ते वाचल्यापासून विंगमधली पोरं मला 'शास्त्रज्ञ' म्हणतात. खरं सांगू? इंटर्नशिपचे सहा आठवडे मी एक्सेल शीट भरत होतो!! पण सेमिनारच्या वीस स्लाइड्स करून जे कळलं नव्हतं ते त्या शीटने शिकवलं, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी भीती कशाची ते बघू. दोन कॉम्प्युटर गुपचूप बोलायचं ठरवतात तेव्हा आधी आरएसए, डिफी-हेलमन किंवा एलिप्टिक कर्व्ह वापरून एक चावी ठरते आणि मग एईएस त्या चावीने सगळा मजकूर बंद करतं. आरएसएचा सगळा भरवसा एका गोष्टीवर: दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणं महाकठीण. १९९४ साली बेल लॅब्जच्या पीटर शोर यांनी दाखवून दिलं की क्वांटम कॉम्प्युटरला ते कठीण नाही.

पुष्कळांना वाटतं की हा कॉम्प्युटर सगळ्या चाव्या एकदम लावून बघतो. (मीही वायवात हेच ठोकून दिलं होतं. एक्स्टर्नलने पुढची दहा मिनिटं घेतली!) तो खरं तर आवर्तन शोधतो. जर्नलच्या मागच्या पानावर करून बघा. १५ चे अवयव हवेत. ७ चे घात घ्या, प्रत्येकाला १५ ने भागून बाकी लिहा: ७, ४, १३, १ आणि परत ७, ४, १३, १... आवर्तन ४ चं. त्याच्या निम्मे २, आणि दुसऱ्या घाताची बाकी ४. आता ४ मधून १ वजा करा, मग ४ मध्ये १ मिळवा. ३ आणि ५, झाले अवयव! (मोठ्या संख्यांना शेवटी मसावि काढावा लागतो, एवढंच.) २०४८ बिटांच्या आरएसएमधली संख्या ६१७ आकडी असते. तिथे आवर्तन शोधताना आपले कॉम्प्युटर हात टेकतात, शोर यांची पद्धत टेकत नाही. डिफी-हेलमन आणि एलिप्टिक कर्व्हही याच पद्धतीने जातात. एईएसची चावी २५६ बिटांची असली की तिची काळजी नको.

एवढं मोठं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. पण २०१९ मध्ये २०४८ बिटांचं आरएसए फोडायला २ कोटी क्युबिट्स लागतील असा हिशोब होता, तो २०२५ मध्ये गूगलच्या क्रेग गिडनी यांनी १० लाखांच्या आत आणला. नुसत्या गणिताने!

"मग बनेल तेव्हा बघू की," असं मी पहिल्याच दिवशी मॅडमना म्हणालो. कंपनी छोटी, पॅथॉलॉजी लॅब्जचं सॉफ्टवेअर करणारी. मॅडम म्हणाल्या, "अरे, रोज रात्री अकराला चौदा शाखांतून रिपोर्ट इथे येतात. वाटेत कुणी ते बंद पाकिटासकट कॉपी करून ठेवले आणि पंधरा वर्षांनी उघडले तर? वीस वर्षांच्या मुलीचा एचआयव्हीचा रिपोर्ट किती वर्षं झाकलेला राहायला हवा?" मी गप्प. वीस वर्षांची म्हणजे आपल्या वर्गातलीच की...

अशी साठवणूक पूर्वीही झालीय. १९४० च्या दशकात अमेरिकेने सोव्हिएत तारा जमवून ठेवल्या आणि 'व्हेनोना' प्रकल्पात त्या उलगडण्याचं काम १९८० पर्यंत चाललं.

वॉटर्लू विद्यापीठाच्या मिशेल मोस्का यांचं साधं गणित आहे. गुपित जपायची वर्षं अधिक कुलपं बदलायला लागणारी वर्षं, ही बेरीज यंत्र यायला लागणाऱ्या वर्षांपेक्षा जास्त भरली तर तुम्हाला उशीर झाला. आमचे रिपोर्ट ३० वर्षं, बदलायला ५. बेरीज ३५!

नवी कुलपं तयार आहेत. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१६ मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली तीन मानकं जाहीर केली. चावी ठरवायला एमएल-केईएम, सहीसाठी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए. मला वाटलं, टाका आणि मोकळे व्हा. पण टाकायचं कुठे? इथे माझी शीट सुरू झाली. रकाने असे: कुलूप कुठे आहे, कोणतं आहे, आतला डेटा किती वर्षं जपायचा, बदलणं कुणाच्या हातात. दहा ओळी होतील असा माझा अंदाज. झाल्या १४३!! वेबसाइट, व्हीपीएन, बॅकअप, डेटाबेस, पीडीएफवरची डिजिटल सही... आणि तीन शाखांत रक्ततपासणी यंत्राला जोडलेला एक छोटा डबा, ज्याच्या कोडमध्येच १०२४ बिटांची आरएसए चावी कोरलेली. डबा बनवणारा दुकान बंद करून गेलेला, सोर्स कोड कुणाकडेच नाही. 'कुणाच्या हातात' या रकान्यात मी प्रश्नचिन्ह टाकलं. मॅडमनी तिन्ही ओळी लाल केल्या.

चाचणीतही गंमत झाली. एक्स२५५१९ या जुन्या पद्धतीची सार्वजनिक चावी ३२ बाइटची, एमएल-केईएम-७६८ ची ११८४ बाइटची. एका शाखेची जोडणीच होईना. दोन दिवस मी सर्टिफिकेट तपासत बसलो आणि दोष निघाला जुन्या फायरवॉलचा! पहिला निरोप एका पॅकेटमध्ये मावणारच असं ती धरून बसली होती. २०२४ मध्ये क्रोमने नवी पद्धत चालू केली तेव्हा काही सर्व्हरांनी असाच घोळ घातला होता.

मॅडमनी जुनं कुलूप मात्र काढू दिलं नाही. दोन्ही एकावर एक. मला तो कंजूषपणा वाटला. मग त्यांनी 'साइक'ची गोष्ट सांगितली. निस्टच्या चौथ्या फेरीत पोचलेला हा उमेदवार २०२२ मध्ये बेल्जियममधल्या दोन संशोधकांनी साध्या कॉम्प्युटरच्या एकाच कोअरवर सुमारे तासाभरात फोडला. क्वांटमचा संबंधच नाही!

मी निघालो त्या दिवशी अकरा शाखा नव्या कुलपावर होत्या. नव्या डब्यांसाठी कोटेशन मागवलंय. उरलेल्या तीन शाखांचे रिपोर्ट त्या रात्रीही अकरालाच निघाले, जुन्याच चावीने.