सावड मोडली की जोड मोडते

गेल्या वर्षी जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, आम्ही दोघींनी माझ्या गच्चीवरच्या तारेवर दोन गोधड्या शेजारी शेजारी वाळत घातल्या. त्यांचं ते पहिलं धुणं. दोन्ही अगदी सारख्या व्हाव्यात म्हणून आम्ही सहा महिने खपलो होतो. संध्याकाळी उतरवून एकीवर एक अंथरल्या, तर माझी गोधडी लांबीला सहा इंच आखूड. वर दोन्हींत इरकलीच्या लाल पदराचा रंग शेजारच्या पांढुरक्या तुकड्यांत उतरलेला. मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "अगं, ह्या जोडीच्या वाटतच नाहीत."

दोघी मैत्रिणी, बहिणी किंवा जावा मिळून जोड गोधड्या शिवायच्या विचारात असतील, तर त्यांच्यासाठी हा अनुभव मांडते आहे. आमची चूक सुईची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या दोघींच्या मुली एकाच शाळेत, एकाच बाकावर वाढल्या. आता एक बंगळुरूला आहे, दुसरी टोरांटोला. दोघींना एकसारखी गोधडी द्यायची आणि प्रत्येक गोधडीत दोन्ही घरच्या साड्या घालायच्या, असं ठरलं. आत माझ्या सासूबाईंच्या नऊवारी, वर मैत्रिणीच्या आईची इरकल आणि आमच्या दोघींच्या मऊ सुती पाचवारी, तळाला नवा मांजरपाट. माप साठ इंच बाय नव्वद इंच. वरती दहा इंची चौकोन, आडवे सहा आणि उभे नऊ. म्हणजे एका गोधडीत 54 आणि दोन्हींत मिळून 108, जपमाळेच्या मण्यांइतके. सोमवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते पाच, एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. आषाढात सुरुवात केली आणि गणपतीपर्यंत एकही वार चुकला नाही. साड्यांचे फॉल उसवले, विरलेले भाग काढून टाकले, आतले थर दंड घालून तयार केले.

गणपतीनंतर तिच्या सासूबाई घसरून पडल्या आणि तिचं घराबाहेर पडणं बंद झालं. तेव्हा मी म्हटलं, "तू तुझी कर, मी माझी करते. दिवाळीनंतर जोडून बघू." मला वाटलं, मी तिची सोय बघते आहे. खरं तर मला काम लवकर उरकायचं होतं.

आमच्या सातारा भागात सावड हा जुना शब्द आहे. आज सगळ्यांनी माझ्या रानात राबायचं, उद्या सगळ्यांनी तुझ्या रानात. वाकळाही अशाच शिवल्या जायच्या. उन्हाळ्यात शेतातली कामं हलकी झाली की ओसरीवर एकीची वाकळ अंथरायची आणि चारी बाजूंनी चौघी बसायच्या. ती संपली की दुसरीची. एका वाकळेत चार हातांचे टाके पडायचे आणि चौघींच्या वाकळा बहिणी-बहिणींसारख्या दिसायच्या. आम्ही नेमकी ही सावड मोडली. दोघींनी मिळून दोन गोधड्या शिवायच्या सोडून प्रत्येकीने एकेक शिवली.

त्या सहा इंचांचा हिशोब मी नंतर बसून मांडला. तो सांगितला की बाकीचं आपोआप लक्षात येईल.

पहिले दोन इंच टेपचे. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. माझी नवी होती, तिची पंधरा वर्षांची. तिच्या ताणलेल्या टेपने कापलेला तुकडा माझ्यापेक्षा पाव इंच मोठा निघत होता. एका तुकड्यात पाव इंच नजरेला कळत नाही. नऊ तुकडे जोडले की तो सव्वादोन इंच होतो.

पुढचा एक इंच हाताचा. माझा धावदोरा दाट, दोन ओळींत जेमतेम अर्ध्या बोटाचं अंतर. तिचा ऐसपैस, बोटभर अंतराचा. टाके जितके दाट तितकं कापड जास्त आवळतं. शिवाय मला दोरा ओढून घ्यायची सवय, तिला सैल सोडायची. यात चूक कुणाचीच नाही, दोन हात वेगळे असणारच. म्हणून तर दोन्ही गोधड्यांत दोन्ही हात लागायला हवेत.

उरलेले तीन इंच मांजरपाटाचे. नवं, न धुतलेलं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, शंभर इंचांमागे तीन-चार इंच सहज. तिने आपला तागा रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतला होता. मी घाईत कोराच वापरला. तो आटला, वरच्या धुवट साड्या होत्या तेवढ्याच राहिल्या आणि माझ्या गोधडीवर लाटा उठल्या. एकत्र बसलो असतो तर तिने मला तो कोरा लावूच दिला नसता.

इरकलीचा पदर मात्र आम्ही दोघींनीही तपासला नाही. साडीचं अंग सुती आणि पदर रेशमी, म्हणजे एकाच साडीत दोन जातीचं कापड. अंगाचा रंग पक्का होता, म्हणून पदराचाही पक्का असेल असं धरून चाललो.

आता तुम्हाला सांगायच्या गोष्टी.

वार ठरवा, आणि वार चुकला तर काम थांबवा. घरी पुढे ओढू नका. एकीला अडचण आली तर दुसरीने तिच्या घरी जाऊन तासभर बसावं, टाका पडला नाही तरी चालेल. मी तिच्या सासूबाईंच्या खाटेशी बसून शिवू शकले असते, हे मला तेव्हा सुचलं नाही. याची बोच आजही आहे.

एकच टेप, एकच कात्री, एकच साचा. जाड पुठ्ठ्याचा साचा करा. दहा इंची चौकोनाला शिलाईचा अर्धा इंच धरून साडेदहा इंचांचा. दोन्ही गोधड्यांचे सगळे तुकडे त्याच साच्यावर, शक्यतो एकीनेच कापा. पुठ्ठ्याची कड झिजली की नवा साचा जुन्या तुकड्यावरून न आखता पट्टीने मोजून काढा.

प्रत्येक कापड आधी भिजवा. नवं असेल तर हमखास, जुनं असेल तरी. रंग तपासायला पांढरा फडका ओला करून काठावर आणि पदरावर जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वेगळं भिजवून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं म्हणतात, त्यावर भरवसा ठेवू नका. चार पाण्यांनंतरही रंग सुटत असेल तर तो तुकडा बाजूला ठेवा, कितीही जीव असला तरी. त्याची उशीची खोळ करा.

सुती कापडात टेरिकॉट मिसळू नका. एक आटतं, दुसरं आटत नाही. जुनी साडी दोन्ही हातांनी आडवी आणि उभी ताणून बघा, चरचर आवाज आला तर ती वरच्या थराला घेऊ नका.

थर जमिनीवर सतरंजी टाकून अंथरा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि मधून कडेकडे वीत-वीत अंतराने कच्चे टाके घाला, म्हणजे झोळ बाहेर निघतो. मग धावदोरा कडेपासून आत, चौकटीत चौकट असा घ्या. दोरा एक हातभरच ओवा, लांब घेतला की गुंततो. एक ओळ पहिल्या गोधडीत, लगेच तीच ओळ दुसऱ्या गोधडीत. समोरासमोर बसा आणि चौकट पुरी झाली की जागा बदला. दोरा दोन्ही गोधड्यांना पुरेल इतका एकदमच आणा.

आणि कुणाचीही साडी कापण्याआधी तिला विचारा, "कुठून कापू?" तिच्या आईच्या पदराचे तुकडे मी तिच्या माघारी, एकटीने केले. तिने शब्दाने दुखावलं नाही, पण तिला तो पदर सबंध मधोमध हवा होता.

होळीनंतर आम्ही दोन्ही गोधड्या उसवल्या. तिच्या सासूबाई तोवर काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. त्या दारात बसायच्या आणि आम्ही त्यांच्या पुढ्यात, सोमवारी आणि गुरुवारी. डागाळलेले चौकोन बदलले, माझ्या चौकोनांभोवती पट्टी लावून माप भरून काढलं. अक्षय्य तृतीयेला दोन्ही पुऱ्या झाल्या. आज त्या एकीवर एक ठेवल्या तर कडा जुळतात. कुठला टाका कुणाचा, हे आम्हा दोघींनाही ओळखता येत नाही.

तुम्ही जोड गोधड्या शिवायला घ्याल तेव्हा कापड कमी पडलं तरी चालेल, वेळ जास्त लागला तरी चालेल. पण "तू तुझी कर, मी माझी करते" एवढं वाक्य मात्र तोंडातून काढू नका.