सामाईक सेवा : अनेक खाती, एक यंत्रणा

एके काळी आपल्या खेड्यांत घरोघरी जाते असे आणि प्रत्येक घर आपापले धान्य आपणच दळून घेई. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि जाती कोपऱ्यात पडली. दळणाची गरज प्रत्येक घराला असते, परंतु ती दिवसातून थोडाच वेळ असते; म्हणून एक गिरणी साऱ्या गावाला पुरते. शासकीय कारभारातील ‘सामाईक सेवा’ या कल्पनेचा पाया हाच आहे. प्रत्येक खात्याला पगारपत्रके तयार करावी लागतात, खरेदी करावी लागते, कागदपत्रे जपावी लागतात. या कामांसाठी प्रत्येकाने स्वतंत्र यंत्रणा उभारावी, की सर्वांनी मिळून एकच वापरावी?

ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. दिल्लीतील पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय नेहमी लागणाऱ्या वस्तूंसाठी पुरवठादारांशी दरकरार करीत असे. त्या दराने कोणत्याही खात्याने आपली मागणी नोंदवावी, अशी रीत होती. त्यामुळे प्रत्येक कार्यालयाला निविदा मागविण्याचा खटाटोप करावा लागत नसे. परंतु एकदा ठरलेला दर बाजारभाव उतरला तरी लगेच बदलत नाही, हा या पद्धतीचा दोष होता. 9 ऑगस्ट 2016 रोजी ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’ ही संगणकीय बाजारपेठ सुरू झाली. येथे विक्रेते आपला माल व भाव स्वतः मांडतात आणि खरेदीदार खाती त्यांची तुलना करतात. पुढे 31 ऑक्टोबर 2017 रोजी ते महासंचालनालय बंद करण्यात आले.

सामाईक यंत्रणेचे याहून व्यापक उदाहरण म्हणजे 1976 साली दिल्लीत स्थापन झालेले राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र होय. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने त्यासाठी 44 लाख डॉलरांचे साहाय्य दिले. डॉ. एन. शेषगिरी हे त्याचे संस्थापक महासंचालक. त्या काळी मोठा संगणक परदेशातून आणावा लागे. तो महाग असे आणि तो चालवू शकणारी माणसेही मोजकीच होती. प्रत्येक मंत्रालयाने स्वतःचा संगणक घेतला असता, तर त्यांतील बरेचसे दिवसाचा मोठा भाग रिकामे राहिले असते. सगळ्या खात्यांच्या कामाची गर्दी एकाच वेळी होत नाही. म्हणून ती एकत्र आणली की तेच यंत्र अधिक काम करते आणि तीच तज्ज्ञ माणसे अनेकांना उपयोगी पडतात.

1980 नंतरच्या दशकात या केंद्राने ‘निकनेट’ हे उपग्रहाधारित जाळे उभारले. दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे प्रादेशिक केंद्रे झाली आणि लहान भूकेंद्रांच्या द्वारे राज्यांच्या राजधान्या व जिल्ह्यांची ठिकाणे त्यांना जोडली गेली. चारशेहून अधिक जिल्ह्यांसाठी प्रत्येक मंत्रालयाने असे निराळे जाळे विणणे केवळ अशक्य होते.

तथापि यंत्र एक झाले म्हणजे कारभार एक झाला, असे नाही. एकाच गावाचे नाव महसूल खात्याच्या दप्तरात एका प्रकारे आणि आरोग्य खात्याच्या दप्तरात दुसऱ्या प्रकारे लिहिलेले असेल, तर माणसाला ते कळते. संगणकाला मात्र ती दोन गावे वाटतात. ‘स्थानिक शासन निर्देशिका’ या उपक्रमात प्रत्येक गावाला व पंचायतीला ठरावीक संकेतांक दिला जातो, तो याच कारणासाठी. यंत्र विकत आणता येते. समान शब्द व समान नियम मात्र खात्यांना एकत्र बसून ठरवावे लागतात.

सामाईक सेवेचा धोकाही तिच्या गुणातूनच जन्मतो. गिरणी बंद पडली तर सारा गाव पिठावाचून राहतो. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तेथील माहिती कुलूपबंद झाली. बाह्यरुग्ण नोंदणी, दाखला, तपासण्यांचे अहवाल ही सर्व कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. दूरदूरच्या राज्यांतून आलेले रुग्ण रांगांत ताटकळले. जाळ्याचे योग्य विभाग पाडलेले नव्हते, असे कारण पुढे सरकारने संसदेत सांगितले. वाड्याच्या आतील खोल्यांना दारेच नसली, तर एका खिडकीतून शिरलेला चोर सगळीकडे फिरतो, तसेच हे झाले. ज्या रुग्णालयात कागदावर काम करण्याची सवय अगदीच मोडलेली असेल, तेथे अशा दिवशी किती हाल होतील, याचा विचार करावा.

यावरून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साधने सामाईक असावीत. परंतु निर्णय व त्याची जबाबदारी ज्या त्या खात्याचीच राहावी, अन्यथा ‘संगणकात चूक आहे’ एवढेच उत्तर नागरिकाच्या पदरी पडते. माहितीची प्रत दुसरीकडे, मूळ जाळ्यापासून अलग ठेवावी. आणि यंत्रणा बंद पडल्यास काम कसे चालवायचे, याचा सराव आधीच केलेला असावा. खर्चात किती बचत झाली हे कार्यक्षमतेचे एक माप आहे. खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाचे काम त्याच दिवशी झाले की नाही, हे दुसरे माप. पहिले माप हिशेबाच्या वहीत आपोआप उमटते. दुसरे मुद्दाम मोजावे लागते.